उबवलेली खुर्ची

१

‘का’ विचारायचं नाही, हे ठिणगीला आधी सांगण्यात आलं. नियम काय तो नंतर.

नियम असा होता. दुकानातल्या खुर्चीचा फोटो काढायचा, तर ती आधी घरातल्या बाईनं उबवायची. पाठ टेकून, हात ऐसपैस ठेवून, आपल्या घरी बसावं तसं बसायचं. मग उठायचं आणि मागे वळून न बघता सरळ खोलीबाहेर पडायचं. त्यानंतर फोटो. बाहेरची बाई चालत नाही, गिऱ्हाईक चालत नाही, पुरुष तर नाहीच नाही.

“पुरुष का नाही?”

“आत्ताच काय सांगितलं मी?” काकांनी चष्म्यावरून बघितलं.

“‘का’ विचारायचं नाही. मी ‘का नाही’ विचारलं.”

बाबांना हसू आलं. थोरल्या भावासमोर हसायची त्यांची पद्धत म्हणजे खोकणं. ते खोकले.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव, आणि ते तिनं जिभेच्या जोरावर कमावलेलं होतं. प्रसिद्धी आणि जनसंपर्क या विषयात पदवी घेऊन ती परत आली तेव्हा बाबा-काकांच्या फर्निचरच्या दुकानाचं ऑनलाइन पेज तिच्या ताब्यात आलं. पेज कसलं, पडकी विहीर. शेवटची पोस्ट एका सोफ्याची, तीही अर्धी अंधारात, आणि खाली दिलेल्या फोन नंबरातला एक आकडाच गायब.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर नमुन्याच्या खोल्या होत्या. प्रत्येकीला भिंती तीनच. चौथ्या बाजूनं गिऱ्हाइकानं बघायचं. खिडक्यांना पडदे होते आणि पडद्यांमागे भिंत. कपाटात पुस्तकांचे नुसते पुठ्ठे. टेबलावरच्या फोनला वायर नव्हती. सगळी घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवलेली, कारण त्या वेळी घड्याळ हसल्यासारखं दिसतं असं काकांचं मत होतं.

नियमाचं कारण ठिणगीनं स्वतःच शोधून काढलं. नवी गादी फुग्यासारखी ताठ दिसते. कुणीतरी बसून उठलेली गादी घरातली वाटते. जाहिरातवाले फळांवर पाणी शिंपडतात, तसंच हे. साधी युक्ती. मग युक्ती म्हणून सांगा ना, नियम कशाला? पण मोठ्यांची तऱ्हाच अशी. मिठाला मीठ म्हणायचं नाही, आधी त्याच्याभोवती सात पडदे लावायचे.

पूर्वी असे फोटो वर्षाकाठी एखाद-दुसरे निघत, पेपरात जाहिरात द्यायची असली की. ठिणगीनं आल्या आल्या वेळापत्रक बांधलं. रोज एक पोस्ट, रोज एक खुर्ची.

२

खुर्ची उबवायचं काम वर्षानुवर्षं आत्याचं.

आत्या म्हणजे काकांची धाकटी आणि बाबांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. दोन गल्ल्यांपलीकडे एका खोलीत एकटी राहायची, आणि सकाळी दुकान उघडलं की हातात कापडी पिशवी घेऊन हजर व्हायची.

“काय गं ठिणगे, आज कुठली अंडी उबवायची?”

“हिरवी, हाताची. पलीकडच्या खोलीतली.”

“पिल्लू निघालं तर तुझं हं!”

ती बसली की खोली बदलायची, हे ठिणगीलाही मान्य करावं लागलं. आत्या डोळे अर्धे मिटून घ्यायची, पाय किंचित पुढे सोडायची, आणि तीन भिंतींची ती खोटी खोली कुणाचं तरी घर होऊन बसायची. मग ती गुडघ्यावर हात दाबून उठायची आणि मागे न बघता निघून जायची. गादीत तिच्या अंगाचा खळगा राहायचा. ठिणगी फोटो काढायची.

फोटो तुफान चालले. रिकाम्या खुर्च्यांचे साधे फोटो, पण लोक त्यांच्याखाली पत्रं लिहावीत तसं लिहीत होते. “ही खुर्ची बघून आईच्या घरी गेल्यासारखं वाटलं.” “कोण उठून गेलं हिच्यातून? परत येणार ना?” मागणी इतकी वाढली की काकांनी नव्या शोरूमसाठी जागा बघितली आणि, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, ते केलं. पुतणीला शाबासकी दिली.

“पोरीनं नाव काढलं,” ते म्हणाले. लगेच पुढे, “नियम पाळला म्हणून.”

त्याच सुमारास एका सकाळी ठिणगीनं आत्याला दाराबाहेर उभं असलेलं पाहिलं.

दुकानाचं काचेचं दार आपोआप सरकायचं. काकांनी ते मोठ्या हौसेनं बसवलेलं. कुणी जवळ आलं की बारीक घंटा वाजायची आणि दार बाजूला व्हायचं. गिऱ्हाइकाला उघडायचं, कुत्र्याला उघडायचं, वाऱ्यानं कागद उडत आला तरी उघडायचं. आत्या त्याच्यासमोर उभी राहून पिशवी हलवत होती आणि दार ढिम्म.

ठिणगी आतून जवळ गेली. घंटा वाजली, दार सरकलं.

“मी माणसांत नाही वाटतं याच्या लेखी,” आत्या हसत आत आली.

दारवाला कारागीर आला. स्वतः आत-बाहेर करून बघितलं, उघडलं. झाडू पुढे केला, झाडूला उघडलं. मग आत्याला चालायला सांगितलं. ती चालत गेली आणि नाक काचेला लागायच्या बेतात थांबली.

कारागिरानं डोकं खाजवलं. “मावशी, जरा जड पावलानं येत जा.”

आत्या बुटकी होती, बारीक होती, करड्या कपड्यांत असायची. ठिणगीनं स्वतःला हे सगळं नीट समजावलं. झाडू आत्याहून बारीक असतो, हे तिला जेवताना आठवलं.

३

शंका एकदा घरात शिरली की ती पाहुण्यासारखी वागत नाही. ती सगळी कपाटं उघडून बघते.

फोनचा कॅमेरा माणसाचा चेहरा दिसला की त्याच्याभोवती पिवळी चौकट काढतो. आत्याभोवती काढेना. ठिणगीनं तिला उजेडात उभं केलं, हसायला लावलं, कपाळावरचे केस मागे घ्यायला लावले. चौकट आत्याच्या मागे भिंतीवर टांगलेल्या चित्रातल्या बाईभोवती जाऊन बसली.

“ती माझ्यापेक्षा देखणी आहे,” आत्या म्हणाली. “तुझ्या फोनला नजर आहे हो!”

आत्याचा स्वतःचा फोन तिचा चेहरा बघून उघडायचा. तोही हल्ली तिला ओळखत नव्हता. तिनं आकडे टाकून उघडायची सवय लावून घेतली होती आणि कुणापाशी बोलली नव्हती.

दुपारच्या चहाला आईनं कप मांडले. आई दुकानात बिलाचं काउंटर सांभाळायची आणि चहाही तीच ओतायची. काका, बाबा, ठिणगी, ती स्वतः. झालं. आत्या तिथेच बाकावर बसली होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत्या काही बोलली नाही, म्हणून ठिणगीच्याही पटकन लक्षात आलं नाही. आणि आलं तेव्हा तिनं हातातला कप खाली ठेवला. कारण आत्या गप्प बसून चहा चुकू देणारी बाई नव्हती. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

“आई, आत्याचा कप!”

“अगं बाई! खरंच की!” आई जीभ चावून उठली. आणि मग, कप विसळता विसळता, तिनं आत्याकडे फार वेळ बघितलं. लांबची पाटी वाचताना डोळे बारीक करावेत तसे डोळे करून.

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. “खुर्ची मिळाली. उत्तम आहे. एक गंमत सांगू? घरात दिवसभर कुणी नसतं, तरी संध्याकाळी तिच्यावर हात ठेवला की ऊब लागते. कुणीतरी वाट बघत बसल्यासारखं. आम्हाला आवडतं.”

ठिणगीनं तो मेसेज वाचला आणि तिच्यातली पदवीधर आधी जागी झाली. तिनं झटक्यात ओळ लिहिली आणि पुढच्या सगळ्या पोस्टवर टाकली. ‘तुमची वाट बघणारी खुर्ची.’ ओळ गाजली. काकांनी ती दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली.

४

आत्याला सर्दी झाली आणि ती एक दिवस आली नाही.

“तू बस,” काका ठिणगीला म्हणाले.

“मी?”

“घरचीच आहेस ना? की पदवी घेतल्यापासून बसता येत नाही?”

बसली. यात काय आहे, म्हणून बसली. हिरव्या खुर्चीत पाठ टेकली आणि तिला आश्चर्य वाटलं, इतकं बरं वाटलं. खांदे सैल पडले. समोर पडद्यामागची भिंत होती, तरी तिथून उजेड येतोय असं वाटायला लागलं. पुठ्ठ्याची पुस्तकं आपण वाचलेली आहेत असं वाटायला लागलं. मग ती उठली. उठताना पाठीकडून कपडा अडकल्यासारखं काहीतरी सुटलं. बारीकसं. तिला वळून बघावंसं वाटलं आणि ती वळली नाही. नियम धुडकावायची इतकी हौस असलेली मुलगी, निमूट खोलीबाहेर आली. जिन्यावर तिला स्वतःचाच राग आला.

त्या फोटोला नेहमीपेक्षा जास्त दाद मिळाली. “आज खुर्ची तरुण दिसतेय,” कुणीतरी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. दार उघडलं. पण लगेच नाही. ती काचेपाशी पोचली, थांबली, आणि मग, कुणीतरी आत बसून विचार केल्यासारखं, घंटा वाजली.

सेन्सर जुना झाला असेल. असू शकतं. पदव्या घेतलेल्या माणसानं असा विचार करायचा असतो. तिनं तो केला, आणि आत जाऊन पहिलं काय केलं तर कॅमेरा स्वतःकडे वळवला. पिवळी चौकट आली. तिच्या चेहऱ्याभोवती क्षणभर थरथरली, मग स्थिरावली.

मागून आई म्हणाली, “काल तुला बसवलं का यांनी?”

“हो. का?”

आईनं आधी काकांच्या टेबलाकडे नजर टाकली. “लग्न होऊन आले तेव्हा मलाही बसवायचे. एकदा बसले, दोनदा बसले. मग माझी कंबर धरली.”

“कधी सुटली?”

“सुटलीच नाही,” आई म्हणाली आणि झटकन वाकून खालच्या खणातून बिलांचा गठ्ठा काढून सरळ उभी राहिली. “आजतागायत धरलेली आहे. कळलं?”

“आई! आणि आत्याला कुणी सांगितलं नाही कंबर धरायला?”

आईचा चेहरा पडला. “तिनं कधी नाही म्हटलंच नाही गं. आणि तिनं म्हटलं नाही म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही.”

५

ठिणगीनं त्या दिवसापासून खुर्च्या उबवणं बंद ठेवलं आणि जुने फोटो उलटसुलट करून टाकत राहिली. पण नव्या शोरूमची घोषणा तोंडावर आली होती आणि काकांना पेजवर लाइव्ह हवं होतं. दुपारचं, गिऱ्हाइकांच्या वर्दळीच्या आधीचं.

“नुसतं खोल्यांतून फिरायचं,” तिनं आत्याला सांगितलं. “बसायचं नाही. तू फक्त दिवा धर.”

आत्यानं दिवा धरला. ठिणगी फोन समोर धरून खोल्या दाखवत बोलत चालली, आणि आत्या तिच्या शेजारून. बघणाऱ्यांची संख्या भराभर चढत होती. पडद्याच्या खालच्या बाजूनं कमेंट वर सरकत होत्या.

‘सुंदर.’

‘टेबल केवढ्याला?’

‘हिरव्या खुर्चीत बसलेल्या मावशी कोण?’

ठिणगीनं हिरव्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती. फोनच्या पडद्यावरही रिकामी होती.

‘किती शांत बसल्यात.’

‘मावशी, जरा हसा की!’

लोकांना शेजारची आत्या दिसली असेल, ठिणगीनं ठरवलं. काचेत वगैरे. तिनं आवाज हसरा ठेवला. “अहो, ती माझी आत्या! थांबा, ओळख करून देते.” आणि कॅमेरा स्वतःकडे फिरवून आत्याच्या खांद्यावर हात टाकला. हाताला खांदा लागला. हाडं लागली, ऊब लागली. मागे, दोघींच्या मधून, हिरवी खुर्ची दिसत होती.

‘कुठे?’

‘तुम्ही एकट्याच आहात ताई.’

‘दिवा हवेत कसा काय ठेवलाय? भारी युक्ती!’

‘मावशी मागे खुर्चीतच आहेत की.’

‘उठतायत वाटतं.’

‘नाही जमत त्यांना. कुणीतरी हात द्या ना.’

ठिणगीनं लाइव्ह बंद केलं. खोलीत हसरी घड्याळं होती आणि टिकटिक कुठलीच नव्हती. ती मागे वळली.

खुर्ची रिकामी होती. पण गादीत खोल खळगा होता, आणि दोन्ही हातांच्या टोकांवरचं हिरवं कापड दबलेलं होतं. कुणी उठायला जोर लावताना तळवे दाबावेत तसं. ठिणगी बघत असतानाच एका बाजूचं कापड जरासं वर आलं आणि पुन्हा दबलं.

“आत्या,” ती कुजबुजली. “बघ.”

आत्या दिवा धरून जिन्याकडे तोंड करून उभी होती. “मी नाही बघत. एकदा बघितलं होतं.”

“काय दिसलं?”

आत्यानं दिवा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, “दमलेली दिसली गं.”

खालून काकांचा खुशीतला आवाज जिन्यानं वर आला. “अगं, इतके लोक कधीच आले नव्हते! ती दिव्याची युक्ती पुन्हा करा!”

६

“तू कधी बोलली का नाहीस?”

दोघी आत्याच्या खोलीत बसल्या होत्या. एक पलंग, एक खिडकी, बाहेर वाळत घातलेला टॉवेल. सगळं खरं. भिंती चार.

“काय बोलणार? ‘मला दार उघडत नाही’? वेड्यात काढलं असतं.” आत्या नखानं चादरीचा दोरा ओढत होती. “आधी बरंच वाटायचं. हलकं. वर्षातून एकदा-दोनदा बसायचे, पुढे भरून यायचं. हल्ली रोजचं झालं ना, भरायला सवडच मिळेना. माझी मैत्रीण आहे ना, ती दुसऱ्या गावाला गेलेली? तिच्याकडे जायचं म्हणून दोनदा स्टॉपवर उभी राहिले. बस थांबत नाही गं माझ्यासाठी. हात केला तरी.”

रोजचं झालं. ते वेळापत्रक ठिणगीनं बांधलं होतं. ती काकांवर चिडायला तोंड उघडत होती ते तिनं मिटलं. जे काका वर्षातून एकदा करत होते, ते तिनं रोज करून दाखवलं होतं, रंगीत चौकोनांत मांडून, आणि वर शाबासकी घेतली होती.

“पिल्लू निघालं,” आत्या तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली. “मी म्हटलं होतं, तुझं हं!”

“गप गं!” ठिणगी रडता रडता हसली. मग डोळे पुसून तिनं फोन उघडला.

फोटो काढून टाकायला सुरुवात केली. एकेक करून. प्रत्येकाखाली लोकांचं इतकं मन सांडलेलं, प्रत्येकामागे तिची सकाळ. पहिला पुसताना स्वतःच्या डोक्यातला केस उपटल्यासारखं झालं. नंतर सवय झाली. पण फोटो पुसून काय होणार? ते लोकांनी जतन केले होते, पुढे पाठवले होते. आणि खुर्च्या तर घरोघरी जाऊन बसल्या होत्या.

तिला येत होतं ते एकच. लोकांशी बोलणं. तिनं लिहिलं.

‘आमच्या खुर्च्यांत आमचं एक माणूस बसून राहिलं आहे. तुमच्याकडे आमच्या खुर्चीचा फोटो असेल तर पुसून टाका. खुर्ची असेल तर ती वापरा, तुमचीच आहे. पण एकदा तिच्यावर हात ठेवून म्हणा, आता घरी जा. आमच्या आत्याची आम्हाला गरज आहे.’

वाचून बघितलं. वेडगळ होतं. कॉलेजच्या सरांनी दिलेला प्रत्येक धडा त्यानं मोडला होता. तरी तिनं ते पेजवर टाकलं.

आधी कुणी काहीच बोललं नाही. मग एकानं विचारलं, ‘नवीन जाहिरात का?’ दुसऱ्यानं हसणारा चेहरा टाकला. आणि मग एक उत्तर आलं. ‘पुसला. का कोण जाणे, पुसल्यावर बरं वाटलं.’ मग आणखी एक. ‘आमची निळी खुर्ची. मुलीनं जोरात सांगितलं, आजी घरी जा, तुझी आई वाट बघतेय.’ मग ‘म्हटलं.’ ‘म्हटलं.’ ‘आम्हीही म्हटलं. थँक यू मावशी, इतके दिवस सोबत केलीत.’ अनोळखी माणसं एकमेकांना सांगत होती, पुढे पाठवत होती. खेळ म्हणून का होईना, म्हणत होती.

“काय लिहितायत?” आत्यानं विचारलं.

ठिणगीनं वाचून दाखवायला सुरुवात केली. आत्या ऐकत राहिली. मध्येच तिला शिंक आली, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, “काय हो, सर्दी झाली का?”

आत्या चमकली. “या बाईनं,” ती हळूच म्हणाली, “कित्येक महिन्यांत माझी चौकशी केली नव्हती.”

७

सकाळी दुकानात काकांचा पारा चढलेला होता. बाबा पेपराआड होते. आई काउंटरवर. काकांनी हिरवी खुर्ची वरून खाली आणवून बरोबर मध्यभागी ठेवली होती, तिच्यातल्या खळग्यासकट.

“सगळे फोटो पुसलेस?”

“सगळे.”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं नाही, हा आपल्या दुकानाचा नियमच आहे ना?”

“जीभ आवर! उद्या नव्या शोरूमची मोहीम सुरू करायची आहे आणि पेजवर एक खुर्ची नाही. वर काय ते खुळचट लिहिलंयस. लोक हसतायत.”

“हसू देत. म्हणतायत ना?”

काकांनी खोल श्वास घेतला आणि आवाज मऊ केला. तो मऊ आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. “हे बघ, तुझ्या आत्यावर आता भागत नाही, हे आमच्याही लक्षात आलंय. आम्ही काय आंधळे नाही. म्हणून तर तू. तुझा त्या दिवशीचा फोटो काय चालला! बस. पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्यांनी केलंय.”

“सगळ्यांनी म्हणजे कुणी? तुम्ही?”

“पुरुषानं बसून काही होत नाही.”

“तुम्हाला कसं माहीत? बसून बघितलंत?”

पेपरामागून बाबा म्हणाले, “अगं, ताईनं कधी नाही म्हटलं नाही—”

“बाबा, पेपर खाली ठेवा.”

बाबांनी पेपर खाली ठेवला.

“तिचा चहा ओतायला विसरता तुम्ही,” ठिणगी म्हणाली. “सख्ख्या बहिणीचा. बस तिच्यासाठी थांबत नाही. आणि आमच्या लक्षात आलंय म्हणता? लक्षात आलं आणि दुसरी शोधलीत?” तिचा आवाज कापला, तिनं तो कापू दिला. “आपलं लाकूड चांगलं आहे, काका. सांधे चांगले आहेत. ते दाखवते मी. कमी विकलं जाईल, चालेल. पण मी बसणार नाही. आत्याही बसणार नाही. उद्या मला मुलगी झाली तर तिला मी चालायच्या आधी हे शिकवीन. काय पाहिजे ते करा. मी नाही बसणार.”

काउंटरमागे आई उठून ताठ उभी राहिली. कंबरेवर हात न ठेवता.

काका बोलायला तोंड उघडत होते. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, पिढ्यान्पिढ्यांचं. तेवढ्यात त्यांची नजर खुर्चीवर गेली आणि तिथेच राहिली.

हिरव्या गादीतला खळगा भरून येत होता. सावकाश, श्वास आत घ्यावा तसा. हातांच्या टोकांवरचं कापड एकदा शेवटचं दबलं आणि सुटलं. गादी ताठ झाली. कोरी, नवी, कुणीही न बसलेली.

दारापाशी बारीक घंटा वाजली.

काच बाजूला सरकली. समोर दुसरं कुणी नव्हतं. मागे रिकामा रस्ता, त्यावर सकाळचं ऊन, आणि उंबऱ्यात कापडी पिशवी घेतलेली आत्या, दाराकडे वर बघत असलेली. तिनं एक पाऊल मागे घेतलं. दार मिटलं. एक पाऊल पुढे टाकलं. घंटा वाजली, दार उघडलं. तिनं पुन्हा तेच केलं, लहान मुलीसारखं, आणि मग पाय आपटत आत आली. तिच्या पावलांचा आवाज होत होता.

“ठिणगे, बसची वेळ काय गं?” ती म्हणाली. “आणि माझा चहा कुठाय?” मग तिनं आपल्या दोन्ही भावांकडे बघितलं. ते तिच्याकडे एकटक बघत होते, फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे.

“काय रे दादा? गप्प का झालात?”